पाव मैल मोकळा रस्ता

पाव मैल म्हणजे 402 मीटर. बोरिवलीच्या फलाटाला लागलेल्या पंधरा डब्यांच्या लोकलच्या साधारण सव्वापट. ड्रॅग रेसिंगचा खेळ एवढ्याच अंतराचा. वळण नाही, चढउतार नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि आठ-दहा सेकंदांत निकाल लागतो. जागेच्या हिशेबाने मोटारसायकलच्या शर्यतींत याहून काटकसरीचा प्रकार नाही असं वाटतं, पण तो हिशेब अर्धवट आहे. दहा सेकंदांत पाव मैल कापणारी गाडी शेवटची रेषा ओलांडते तेव्हा तिचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात असतो. ती धडपणे थांबायला पुढे आणखी पाचसहाशे मीटर डांबर लागतं. म्हणजे एकूण किलोमीटरभर सरळ, सपाट, रिकामी पट्टी. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही अंगांच्या उपनगरांनी स्कूटर बनवल्या, मोटारी बनवल्या, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारे मेकॅनिक घडवले. अशी पट्टी मात्र त्यांच्या वाट्याला एकदाच आली. ती होती जुहूची, आणि तीही विमानांची.

जुहूचा विमानतळ 1928 चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले ते इथेच उतरले. तेव्हा ती चिखलवट जमीन होती. पावसाळ्यात समुद्र आणि आभाळ दोन्हीकडून पाणी यायचं आणि टाटांना चार महिने बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं. दुसऱ्या महायुद्धात शेजारी सांताक्रूझला लष्करी तळ झाला, युद्धानंतर प्रवासी विमानं तिकडे गेली आणि जुहू फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांपुरतं उरलं. मोठ्या विमानांना ही धावपट्टी किती अपुरी होती याचे दोन पुरावे इतिहासात नोंदलेले आहेत. जुलै 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूला उतरलं आणि पुन्हा उडायला त्याला काही दिवस थांबावं लागलं. सप्टेंबर 1972 मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने नेमकी तीच चूक केली. ते धावपट्टी संपल्यावरही थांबलं नाही आणि कायमचं निकामी झालं.

जेट विमानाला तोकडी पडणारी ही पट्टी मोटारसायकलला मात्र ऐसपैस होती. जुहूची मुख्य धावपट्टी आज साधारण 1,140 मीटर भरते. त्यातले 402 मीटर शर्यतीला दिले तरी थांबायला सातशेहून जास्त मीटर उरतात. 1950 आणि 1960 च्या दशकांत जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत असत. मुंबईला मोटारींच्या चढाओढीचं वेड त्याच्याही आधीचं. 1904 च्या डिसेंबरात मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची परीक्षा घेतली होती. ती होती संस्थानिकांची आणि साहेबांची हौस. जुहूला मोटारसायकलही होती, आणि मोटारसायकल आली की गर्दीत गॅरेजवाला पोरगाही येतो.

युद्धाने मागे ठेवलेल्या धावपट्ट्या हा जगभरच मोटार शर्यतींचा पाळणा आहे. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन मुळात हवाई दलाचा तळ, 1948 मध्ये तिथे ग्रां प्री झाली. सँटा पॉड ही युरोपातली नामांकित ड्रॅग स्ट्रिप 1966 मध्ये पॉडिंग्टनच्या जुन्या युद्धतळावर सुरू झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची पोरं आधी आटलेल्या तलावांच्या तळावर गाड्या पळवायची. 1950 मध्ये सँटा अ‍ॅनाच्या विमानतळावर तिकीट लावून पाव मैलाच्या शर्यती सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रस्त्यावर जीव देणाऱ्या पोरांना कुंपणाच्या आत आणणं हा तिचा घोषित हेतू होता. 1963 मध्ये झेंडा हलवणारा माणूस जाऊन दिव्यांचा खांब आला. त्याला सगळे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. त्याच वाटेने जात 1999 मध्ये लॅरी मॅकब्राइड या अमेरिकन रायडरने मोटारसायकलवर पाव मैल सहा सेकंदांच्या आत कापला.

आपल्याकडे मद्रासच्या लोकांना हे गणित मुंबईपेक्षा पक्कं कळलं. मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी ओस पडली होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने ती धरली आणि 1980 च्या दशकाच्या अखेरपर्यंत सोडली नाही. सोडली तीही हक्काची जागा तयार झाल्यावर. 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला क्लबचा स्वतःचा ट्रॅक सुरू झाला. मुंबईचे चालक शोलावरमला नेमाने जात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या क्लबांनी मिळून एफएमएससीआय हा महासंघ उभा केला, त्यात मुंबईचा इंडियन ऑटोमोटिव्ह रेसिंग क्लब होता. म्हणजे मुंबईकडे क्लब होता, चालक होते, पैसाही कमी नव्हता. कमी होती ती जमीन. जुहूच्या भोवती बंगले आले, मग इमारती आल्या, धावपट्टीवर हेलिकॉप्टरं आली. मद्रासच्या क्लबने शहराबाहेर जमीन घेतली तेव्हा मुंबईत जमिनीकडे शर्यतीच्या नजरेने बघणं ही चैन झाली होती.

गाडी कोण तयार करणार, हा प्रश्न मात्र उपनगराला कधी पडला नाही. मुंबई महापालिकेची हद्द 1950 मध्ये आणि मग 1957 मध्ये वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली, त्याच सुमाराला आग्रा रोडच्या कडेने कारखान्यांची रांग लागली होती. आग्रा रोड म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फिएट बनत होती, तीच पुढे पद्मिनी झाली. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास, पश्चिमेला कांदिवलीत महिंद्रा. आणि भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया. इटलीच्या इनोचेन्तीची लॅम्ब्रेटा 1950 च्या दशकात भारतात जुळवली जाऊ लागली ती या भांडुपच्या कारखान्यात. पुढे तीच 'लॅम्बी' या नावाने विकली गेली. ज्या रायडरच्या वडिलांकडे लॅम्ब्रेटा होती, ती गाडी मुळात शेजारच्या भांडुपची होती हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

या कारखान्यांनी गाड्यांइतकीच हातांची पैदास केली. मुलुंड-बोरिवलीच्या आयटीआयमधून फिटर आणि टर्नर बाहेर पडत, कारखान्यात उमेदवारी करत आणि संप, टाळेबंदी किंवा स्वेच्छानिवृत्ती आली की चाळीच्या तोंडाशी नाहीतर नाल्याच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकत. लेथ आणि बोअरिंग मशीन औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत भाड्याने मिळायचं, जुने सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. कुर्ल्यातल्या प्रीमियरच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यातही धुराड्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. पण त्या जमिनींवर तयार झालेलं कसब एकदम नाहीसं झालं नाही, ते दोन-तीन पिढ्या गॅरेजांत टिकलं.

त्या कसबाला खरं काम दिलं दोन यामाहांनी. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आराखड्याची राजदूत 350 आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तहान भागवायला महाग आणि तेव्हाच्या ब्रेकांच्या मानाने बेफाम, म्हणून ती बाजारात आपटली आणि 1990 च्या सुमाराला बंद झाली. 1985 ची आरएक्स-100 मात्र घराघरांत गेली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. 1996 मध्ये ती थांबली, आणि तिचा दबदबा तिथून पुढे वाढतच गेला. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखी व्हॉल्व्हची भानगड नसते. पेट्रोल-हवेचं मिश्रण कधी आत यावं आणि धूर कधी बाहेर जावा हे ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्या ठरवतात. त्यांना पोर्ट म्हणतात. कानशीने किंवा ग्राइंडरने एग्झॉस्ट पोर्टची वरची कड अगदी थोडी उचलली की इंजिनाचा स्वभाव पालटतो. खालच्या वेगात मेलेलं, वरच्या वेगात पिसाळलेलं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, सायलेन्सर काढून मधेच फुगलेला एक्स्पान्शन चेंबर लावायचा, कार्ब्युरेटरचा मेन जेट बदलायचा, पुढच्या स्प्रॉकेटचा दात कमी-जास्त करायचा. हे सगळं शंभर चौरस फुटांच्या गाळ्यात जमतं. संगणक लागत नाही. लागतो तो प्लग बघण्याचा डोळा. जोरात पळवून इंजिन एकदम बंद केलं आणि प्लग काढला, की त्याच्या टोकाचा रंग सांगतो. कॉफीसारखा तपकिरी असेल तर जेट बरोबर. काळा आणि ओलसर असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, आणि पुढच्या खेपेला पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

आणि मग एवढी मेहनत केलेली गाडी पळवायची कुठे? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पश्चिम द्रुतगती महामार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग, आरे कॉलनीचा रस्ता, पुढे रुंद झालेला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. रात्री दोननंतर सिग्नलच सुटण्याचा दिवा व्हायचा आणि पुढचा उड्डाणपूल शेवटची रेषा. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात द्रुतगती महामार्गांवर उड्डाणपूल झाले ते कोंडी फोडायला, पण रात्रीच्या पोरांना त्यातून विनासिग्नल लांबच लांब पट्टे मिळाले. 2004 च्या ऑगस्टमध्ये 'धूम' हा सिनेमा आला. त्यातल्या सुझुकी बघून गॅरेजांत एग्झॉस्ट बदलून मागणाऱ्यांची रीघ लागली. 2007 च्या अखेरीला यामाहाची आर-1 आणि 2008 मध्ये सुझुकीची हायाबुसा कंपनीमार्फत भारतात आली. 1,340 सीसीची हायाबुसा कसलेल्या हातात, काहीही न बदलता, दहा सेकंदांच्या आसपास पाव मैल कापते. बजाजने 2012 मध्ये केटीएम ड्यूक 200 आणली, आणि कॉलेजच्या पोराच्या हातात बापाच्या काळातल्या शर्यतीच्या गाडीएवढी ताकद कर्जाच्या हप्त्यावर आली.

या रात्रींचं कौतुक करणाऱ्यांनी सायन किंवा कूपर रुग्णालयाचा अपघात विभाग आठवावा. रस्त्यावरच्या शर्यतीत तिसरा माणूस कायम असतो. पाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, दूधवाला, रिक्षा वळवणारा चालक. त्याने नाव नोंदवलेलं नसतं.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणाऱ्याला शिक्षा सांगतं. मूळ दंड पाचशे रुपयांपर्यंतचा होता, 2019 च्या दुरुस्तीने तो पाच हजारांवर गेला. पण या कलमातले महत्त्वाचे शब्द फारसे कुणी वाचत नाही. गुन्हा आहे तो राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावण्याचा. संमती देण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. आणि मनात आलं तर रस्ता बंद करता येतो हेही मुंबईने पाहिलं आहे. मॅरेथॉनसाठी दर जानेवारीत होतो. 12 मार्च 2023 ला वांद्र्याच्या बँडस्टँडवर डेव्हिड कूल्टहार्डने रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी हजारो लोकांसमोर गर्जत नेली, तेव्हाही झाला होता. इथल्या पोरांच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांना मात्र सरकारच्या लेखी कागदाचं दर्शन झालेलं नाही. उलट शहरात जे नवे लांब सरळ रस्ते झाले ते दुचाकीला बंदच आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009, पूर्व मुक्त मार्ग 2013, अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग 2024. यातल्या एकावरही स्कूटर न्यायला परवानगी नाही.

ज्या राज्यात हे चालतं त्याच राज्याने बैलगाडा शर्यतीसाठी काय काय केलं ते आठवण्यासारखं आहे. घाटातली बैलगाडा शर्यत हीही सरळ पट्टीवरची, घड्याळ लावून खेळायची शर्यत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली, 2017 मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. पट्टीची लांबी, डॉक्टरांची तपासणी, प्रशासनाची परवानगी, सगळं कागदावर आलं. आणि जिंकणाऱ्या गाडामालकाला बक्षीस काय मिळतं, तर बरेचदा मोटारसायकल. फरक उघड आहे. गाडामालकांमागे गावं आहेत, आणि गावांमागे मतं.

उपनगरातल्या रायडरला कायदेशीर पट्टी मिळाली ती अखेर घाटावर. मुळशी तालुक्यात, लोणावळ्यापलीकडे, सहाराने अ‍ॅम्बी व्हॅली वसवली तेव्हा खासगी विमानांसाठी धावपट्टी बांधली. 2010 च्या दशकात एलिट ऑक्टेन या संस्थेने तिथे 'द व्हॅली रन' ही पाव मैलाची शर्यत सुरू केली. इलेक्ट्रॉनिक घड्याळ, दिव्यांचा खांब, रुग्णवाहिका, सीसीनुसार गट. लॅम्बोर्गिनीपासून आरएक्सपर्यंत सगळं एका रांगेत. म्हणजे पुन्हा धावपट्टी, आणि पुन्हा दुसऱ्याची. 2017 मध्ये सहाराच्या थकबाकीपायी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅम्बी व्हॅलीच्या लिलावाचा आदेश दिला, तेव्हा शर्यतीच्या जागेचं भवितव्य गुंतवणूकदारांच्या खटल्यात लटकलं.

राष्ट्रीय विजेतेपदासाठी मात्र मुंबईकराला चेन्नईच गाठावी लागते. एफएमएससीआयची राष्ट्रीय मोटारसायकल ड्रॅग स्पर्धा मद्रास क्लबच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होते. मोठ्या गाड्यांच्या गटात बंगळुरूच्या मंत्रा रेसिंगचा हेमंत मुद्दप्पा हायाबुसावर अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरला आहे. दक्षिणेची सद्दी उगाच नाही. ट्रॅक त्यांच्या अंगणात आहे. बंगळुरूचा संघ शुक्रवारी निघून त्याच दिवशी सराव करू शकतो. मुलुंडच्या पोरांना टेम्पोत गाडी बांधून तेराशे किलोमीटर जायचं असतं, आणि सरावासाठी घराजवळ एकही पट्टी नसते.

संघ म्हणजे तरी किती जण? रायडर, ट्यूनर आणि पाने हातात देणारा एखादा मित्र. रायडर जितका हलका तितका बरा. गाडीचा आराखडा रस्त्यावरच्या गाडीच्या उलट असतो. मागचा स्विंग आर्म लांब केलेला, म्हणजे सुटताना पुढचं चाक कमी उचलतं. पुढचे शॉकअप पट्ट्याने आवळून खाली बसवलेले. मागच्या टायरची हवा कमी, म्हणजे डांबराला जास्त रबर चिकटतं. सुटण्याआधी रायडर पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक जागच्या जागी फिरवतो, धूर काढून टायर तापवतो. मग इंच इंच पुढे सरकून प्रकाशाच्या किरणात चाक आणतो. दिवा पिवळ्यावरून हिरवा होण्याआधी हललात तर लाल दिवा, शर्यत तिथेच संपली. क्लच एकदम सोडला तर गाडी उभी राहते, हळू सोडला तर शेजारचा निघून जातो. ट्यूनरची महिन्याची मेहनत आणि रायडरच्या डाव्या हाताची दोन बोटं, निकाल या दोहोंत वाटलेला असतो.

दोन शर्यतींमधला वेळ हवामानात जातो. लोणावळ्याच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून तिथे छोटा जेट लागतो. तोच जेट चेन्नईत समुद्रसपाटीला ठेवला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होण्याची भीती. म्हणून टू-स्ट्रोकवाल्यांच्या पेटीत पितळी जेटांची माळ असते, नंबर टाकलेली. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम लॅपटॉप करतो आणि तिथे लेथवाल्याच्या मुलाची जागा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलाने घेतली आहे. पण राष्ट्रीय स्पर्धेत 165 सीसीपर्यंतचा टू-स्ट्रोक गट राहिला. कंपनीने कधीच्या बंद केलेल्या आरएक्स गाड्या तिथे धावल्या, आणि त्यासाठी जुने ब्लॉक, क्रँक आणि रीड व्हॉल्व्ह शोधत पोरं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला खेपा घालत राहिली. भंगारवाल्यांनाही आता गिऱ्हाईक ओळखता येतं. शर्यतीसाठी ब्लॉक हवा आहे असं कळलं की भाव तिथल्या तिथे वाढतो.